लाईन गेली तरी दिसणारं घड्याळ : जुन्या फोनच्या प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बाजेजवळ रात्रभर वेळ दाखवणारं घड्याळ हवं आहे. आकडे चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत आणि उजेड झोप मोडणार नाही इतका मंद हवा.

हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं आहे. आमच्या वावराच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, मोटरला लागणारी थ्री फेज लाईन पाळीने मिळते, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्रपाळी आली की मामाजी घडीघडी उठून मोबाईलचं बटण दाबतात. पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात, वेळ कळते आणि झोप जाते. भिंतीवरचं घड्याळ अंधारात दिसत नाही. बाजारात लाल आकड्यांची घड्याळं मिळतात, पण त्यातली स्वस्तातली लाईनवर चालतात. आर्वी तालुक्यातल्या गावात रात्री लाईन जाणार हे धरूनच चालायचं, आणि ती परत आली की असलं घड्याळ बारापासून मोजायला लागतं.

कल्पना नणंदेच्या फोनवरून सुचली. दिवाळीला ती नागपूरहून आली होती. तिचा आयफोन चार्जरवर आडवा उभा केला की पडदाभर घड्याळ येतं आणि अंधारात आकडे लाल होतात. ॲपलने ही सोय २०२३ च्या सप्टेंबरात आयओएस १७ मध्ये दिली. माझ्याकडे आयफोन नाही, पण कपाटात एक जुना अँड्रॉइड पडून आहे. साडेपाच इंची एलसीडी पडदा, अँड्रॉइड ९, कॅमेऱ्याची काच फुटलेली. घड्याळाला कॅमेरा लागत नाही.

१३ नोव्हेंबर

आधी बॅटरी तपासली. फोन काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवून टिचकी मारली. भोवऱ्यासारखा फिरला असता तर पाठ फुगली आहे असं समजून प्रकल्प इथेच थांबवला असता. नाही फिरला. पडदा कडेने उचललेला नाही, मागचं झाकण सरळ बसतं. फुगलेल्या बॅटरीचा फोन माणसाच्या उशाशी चार्जिंगला लावायचा नाही, या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

फोनमधलं सगळं पुसून टाकलं. फोटो, बँकेचं ॲप, खाती, काहीच ठेवलं नाही. हा फोन आता कुणाच्याही हाती लागू शकतो.

चार्जरही पाहून घेतला. त्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण, आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मिळणाऱ्या चार्जरांपैकी पुष्कळांवर यातलं काहीच नसतं. तसल्या चार्जरवर फोनचा टच आपोआप उड्या मारतो तो चार्जरच्या गोंधळलेल्या करंटमुळे, आणि लोक मात्र डिस्प्ले खराब म्हणून दुकानात जातात.

१६ नोव्हेंबर

अँड्रॉइडमध्ये ही सोय पुष्कळ आधीपासून आहे. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ आलं तेव्हा तिचं नाव डेड्रीम होतं. २०१६ मध्ये गूगलने तेच नाव आपल्या व्हीआर चष्म्याच्या प्रकल्पाला दिलं आणि इथे नुसतं स्क्रीन सेव्हर उरलं. सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात खाली स्क्रीन सेव्हर. तिथे घड्याळ निवडायचं आणि केव्हा सुरू व्हावं ते सांगायचं : चार्जिंग असताना, डॉकवर असताना, किंवा दोन्ही. घड्याळाच्या पर्यायात रात्रीचा मंद मोड आहे तो लावला.

एक चांगली गोष्ट दिसली. आकडे एका जागी बसत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने सरकतात. ॲमोलेड पडद्याला याची फार गरज असते. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः जळतो, त्यामुळे तेच आकडे तिथेच राहिले तर तेवढे ठिपके लवकर थकतात, त्यातही निळे सगळ्यात आधी. मग पडद्यावर घड्याळाचा डाग राहतो. माझ्या एलसीडीला मागून एकच दिवा असल्याने तो धोका कमी.

स्टँड नवऱ्याने केला. अडीच इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, करवतीने लांबीत पाडलेली खाच, खाली दोन खिळ्यांचे पाय. मागची बाजू मोकळी राहते, हवा लागते. पाईप ओलिताच्या उरलेल्या तुकड्यांतलाच होता.

१७ नोव्हेंबर

पहिल्याच रात्री लाईन गेली. पडदा एकदम भक्कन उजळला, पाचदहा सेकंद तसाच राहिला आणि काळा झाला. मामाजी अंधारातून म्हणाले, "लाईन गेली अन् तुयं घड्याळबी गेलं, बाई."

म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ते नाही. फोनची बॅटरी तुडुंब भरलेली होती, ती हे घड्याळ सकाळपर्यंत सहज चालवू शकली असती. पण स्क्रीन सेव्हरची अट बॅटरीत किती आहे ती नाही, चार्जिंग सुरू आहे का ती आहे. ज्यांनी ही अट लिहिली त्यांच्या घरी फोन रात्री चार्जरला लावला म्हणजे सकाळपर्यंत चार्जिंग चालूच राहत असणार. आमच्याकडे चार्जरला लावणं वेगळं आणि चार्जिंग होणं वेगळं. आता या प्रकल्पात खरं काम एवढंच आहे. बाकी सगळी सजावट.

डेव्हलपर पर्यायांत, म्हणजे बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारल्यावर जी यादी उघडते तिच्यात, पडदा चालू ठेवण्याचा एक पर्याय आहे. तोही चार्जिंग असेल तेव्हाच पडदा जागा ठेवतो. तिथेही तीच अट.

२० नोव्हेंबर

दोन रस्ते दिसतात.

पहिला : स्क्रीन सेव्हर सोडून द्यायचा आणि एखादं साधं घड्याळाचं ॲप उघडं ठेवायचं. ॲपला पडदा जागा ठेवण्याची परवानगी असते आणि ती चार्जिंगवर अवलंबून नसते. लाईन गेली तर फोन स्वतःच्या बॅटरीवर चालेल. तोटा असा की जुनी बॅटरी किती तास ओढेल हे पाहावं लागेल, आणि बॅटरी पूर्ण संपून फोन बंद पडला तर लाईन आल्यावर तो आपोआप सुरू होत नाही, नुसतं चार्जिंगचं चित्र दाखवत बसतो. कुणीतरी उठून बटण दाबायला हवं.

दुसरा : लाईन जाणारच नाही असा पुरवठा द्यायचा. इन्व्हर्टर घरात नाही. पॉवर बँक आहे, पण ती एकाच वेळी भरते आणि देते अशी नाही. लाईन गेल्यावर क्षणभर तुटते आणि पडदा पुन्हा तोच खेळ करतो.

रात्री सासूबाई कोठीत फवारणीचा पंप सरकवत होत्या तेव्हा उत्तर समोरच आलं. चार्जिंगचा पंप. त्याच्या पोटात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. कपाशीवरची फवारणी संपली की पंप कोठीत जातो, आणि पुढच्या हंगामात काढला की बॅटरी मेलेली निघते, कारण लेड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पाट्यांवर सल्फेट धरतं. दर वर्षी कुणा ना कुणाच्या घरी हेच ऐकायला मिळतं. तिला हिवाळाभर काम दिलं आणि दिवसा भरत राहिलं तर तिचंही भलं.

२३ नोव्हेंबर

जोडणी : पंपाची बॅटरी, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज, गाडीत सिगारेट लायटरच्या जागी लावतात तो मोबाईल चार्जर, तिथून फोन. फ्यूज विसरायचा नाही. लेड बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना लागल्या तर वायर लाल होईपर्यंत ती करंट देते.

यूएसबी मीटर लावून पाहिलं. फोन पूर्ण भरलेला असताना, मंद पडद्यावर, ५.१ व्होल्ट आणि ०.१६ अँपिअरच्या आसपास. म्हणजे पाऊण वॉटहून जरा जास्त. नऊ तासांच्या रात्रीला सातेक वॉट-तास, कार चार्जरमधली गळती धरून नऊ. बॅटरीत कागदावर ९६ वॉट-तास आहेत. वापरलेली म्हणून निम्मे धरले तरी रात्रीचा खर्च तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसतो. सकाळी पंपाचाच चार्जर लावायचा. बॅटरी शांत असताना मीटरवर १२.१ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नाही, तिथे ती साधारण अर्धी झालेली असते.

रात्री लाईन गेली. पडदा हललासुद्धा नाही. फोनला ते कळलंच नाही.

१ डिसेंबर

जागा बदलावी लागली, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. या भागात कुणी असं काही करणार असेल तर त्याच्याही घरी हेच असणार.

दुसरी वेचणी घरी आली. भाव पाहून विकायचा म्हणून कापूस समोरच्या खोलीत टाकला आहे, नेहमीप्रमाणे. मामाजींची बाज त्याच खोलीत. गंजी भिंतीपासून बाजेपर्यंत आली आणि घड्याळाचा स्टूल तिच्या कडेला टेकला. सरकीचा कच्चा कापूस, त्याची उडणारी बारीक तुसं आणि रात्रभर चार्जिंगला लावलेला जुना फोन. लिथियम बॅटरी क्वचितच पेटते हे मला माहीत आहे. पण कापसाच्या खोलीत बिडीसुद्धा ओढू न देणाऱ्या घरात ही क्वचितची गोष्ट मी का ठेवू? कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. जिनिंगमध्ये लागलेल्या आगी दोनदोन दिवस कशा चालतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून घड्याळ आता कापसाच्या खोलीत नाही. ते मधल्या दाराच्या पलीकडे, माजघरातल्या दगडी कोनाड्यात आहे. खाली दगड, मागे दगड, वर दगड. दार उघडं ठेवलं की बाजेवरून सरळ दिसतं. लेड बॅटरीही तिथेच जमिनीवर ठेवली आहे. ती भरताना थोडा हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिचं चार्जिंग दिवसा, ओसरीत, मोकळ्यावर. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावला आहे, फोनच्या टोकाशी लावला तर मधली वायर उघडीच राहते.

गोधडीखाली, उशीखाली, गादीवर फोन चार्ज करायचा नाही हे घरातल्या पोट्ट्यांनाही पुन्हा सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही.

६ डिसेंबर

कोनाडा बाजेपासून लांब गेला, त्यामुळे आकड्यांचा आकार नव्याने ठरवावा लागला.

डोळे तपासण्याच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर ६० मीटरवरून निरोगी डोळ्याला वाचता यावं असं असतं. ज्याला ते सहा मीटरवरूनच दिसतं त्याची नजर ६/६०. तेवढ्या नजरेला दीड मीटरवरून अक्षर किमान २२ मिलिमीटर उंच लागतं, तीन मीटरवरून त्याच्या दुप्पट. कोनाडा अडीच मीटरवर आहे. मामाजींची नजर चष्म्याशिवायही ६/६० हून बरी आहे, पण झोपेतल्या डोळ्याचा हिशेब मोकळ्या हाताने केलेला बरा. फोन आडवा ठेवून चार आकडे पडदाभर पसरवले तर चाळीस मिलिमीटरची उंची मिळते. सेकंद, तारीख, बॅटरीचं चित्र, सगळं काढून टाकलं.

फोनची भाषा मराठी ठेवली होती म्हणून आकडे देवनागरीत आले. दिसायला सुरेख. पण अडीच मीटरवरून, डोळे किलकिले करून, १ आणि ९ एकसारखे दिसतात. रात्री ११:१९ की ११:११ हा घोळ चालेल, पण १ वाजला की ९ वाजले हा चालत नाही. मामाजी म्हणाले, "मीटरवरचे आकडे असतात तसे कर." इंग्रजी आकडे केले. बारा तासांचंच ठेवलं, रात्रीचे एकवीस वाजले असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

१५ डिसेंबर

उजेड. एलसीडीची कटकट अशी की काळा रंग खरा काळा नसतो. मागचा दिवा सगळ्या पडद्यामागे जळतच असतो, त्यामुळे आकड्यांभोवती राखाडी चौकोन दिसतो. गडद अंधारात, कमीत कमी ब्राइटनेसवरही, भिंतीवर उजेड पडतो. अँड्रॉइड १२ पासून पडदा आणखी मंद करण्याची सोय आहे, माझ्या ९ मध्ये नाही.

आकडे लाल केले. झोप-जागेचं चक्र सांभाळणारा डोळ्यातला भाग सगळ्यात जास्त जागा होतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाने, लालने कमी. लाल अंकांवर राखाडी चौकोन मात्र जास्तच डोळ्यांवर येतो.

तोडगा मामाजींच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेतून निघाला. फिल्मचा कडेचा काळा भाग कापला आणि पडद्यावर टेपने लावला. राखाडी चौकोन गेला, लाल आकडे तेवढे राहिले. गाडीच्या काचेची काळी फिल्मही चालेल. दिवसा ती काढायची, नाहीतर काही दिसत नाही. सासूबाईंनी विचारलं, "गुडघा दिसते का त्याच्यात?"

२८ डिसेंबर

रात्रपाळीचा खरा प्रश्न किती वाजले हा नव्हताच. वावरात लाईन आली का हा होता.

घरातली लाईन आणि वावरातली लाईन वेगळी. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. घरचा दिवा जळतो म्हणून मोटर सुरू होईलच असं नाही, आणि उलटही होतं. म्हणून फोनचं चार्जिंग सुरू झालं की लाईन आली असं समजणं आमच्या उपयोगाचं नाही. नवऱ्याच्या डोक्यात ते बसलं होतं, दोन संध्याकाळी वाद झाला.

मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. त्यात सिम असतं, तिन्ही फेज आल्या की तो नोंदवलेल्या नंबरांना कॉल करतो, एखादी फेज गेली तरी करतो. आतापर्यंत तो कॉल मामाजींच्या बटणाच्या फोनवर यायचा, जो सदऱ्याच्या खिशात आणि सदरा खुंटीला. आता घड्याळाच्या फोनमध्ये घरातलं एक पडून असलेलं सिम टाकलं, तो नंबरही स्टार्टरमध्ये नोंदवला. स्टार्टरचा नंबर 'मोटर' नावाने जतन करून त्याला तारा दिला आणि फोन 'व्यत्यय आणू नका' या सेटिंगवर ठेवला, फक्त तारांकित नंबरांना मोकळीक. ऑफरचे आणि कर्जाचे कॉल गेले खड्ड्यात. मोटरला वेगळी रिंगटोन आणि कॉल आला की एवढ्या मोठ्या अक्षरात 'मोटर' दिसतं.

सिम चालू ठेवायला रिचार्ज मारावा लागतो. या सगळ्यातला चालू खर्च तेवढाच.

९ जानेवारी

रात्री पावणेदोनला मोटरचा कॉल. मामाजी उठले, कोनाड्याकडे पाहिलं, टॉर्च घेतली, काठी घेतली. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप हरभऱ्यात होता म्हणे. घड्याळाबद्दल काही बोलले नाहीत.

२ फेब्रुवारी

हवामान दाखवायचा विचार आता सोडला. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो रोज रात्री पडद्यावर उगवावा असं वाटलं होतं. पण लाईन बराच वेळ गेली की गावचा टॉवरही बसतो आणि पडद्यावर परवाचं तापमान आजचं म्हणून उभं राहतं. खोटं दाखवणारं काही उशाशी नको. वेळ फोनच्या आत असते, अलार्म आत असतो, तेवढंच पडद्यावर. सल्ला मी वाचते आणि कागदावर दोन ओळी लिहून पाईपच्या स्टँडवर चिकटवते.

१९ मार्च

गावात परवा डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (परतीची तार) तुटला. असं झालं की २३० व्होल्टच्या जागी घरात दोन फेजमधला दाब, चारशेच्या घरातला, येऊ शकतो. खालच्या आळीत दोन टीव्ही, एक फ्रिज आणि बरेच मोबाईल चार्जर गेले. चार्जर २४० व्होल्टपर्यंतचा असतो आणि साधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरची आपोआप पडणारी कळ, जास्त दाबाने पडत नाही, जास्त करंटने पडते. आमचा पंपाचा चार्जर दिवसा लावतो, तेव्हा लागलेला नव्हता. घड्याळ बॅटरीवर होतं, त्याचा खांबाशी संबंधच नाही. हा फायदा हिशेबात धरलेला नव्हता.

२७ एप्रिल

उन्हाळ्याची पुनर्रचना. हिवाळ्यात रात्री घरात पंधरा-सोळा अंश असायचे, फोन रात्रभर शंभर टक्क्यांवर राहिला तरी मी मनावर घेतलं नाही. आता टिनाखाली दुपारी माणसाला बसवत नाही.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र आल्या की खातात : उष्णता आणि भरलेलं पोट. पूर्ण भरलेली सेल ४.२ व्होल्टवर ताणलेली असते. २५ अंशांत ती वर्षभर तशीच भरलेली ठेवली तर सुमारे ८० टक्के क्षमता उरते, ४० टक्केच भरून ठेवली तर ९६. चाळीस अंशांत हेच आकडे ६५ आणि ८५ होतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाखालचा कोनाडा त्याहून गरम. नवीन फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, आयफोन १५ पासून ती आहे. माझ्या फोनला ती नाही.

घड्याळवाला टायमर प्लग आणायचा सल्ला मिळाला, चाकाचा असतो तो. त्याचं चाक लाईनवर फिरतं. लाईन दोन तास गेली की तो दोन तास मागे. नको. तालुक्याच्या रिपेअरिंगवाल्याने बॅटरी काढून सरळ चार व्होल्ट देण्याचं सुचवलं. टॉवर शोधताना फोन क्षणभर जो जोराचा करंट ओढतो तो बॅटरीच देऊ शकते, शिवाय बऱ्याच फोनांना बॅटरीतल्या तापमानाच्या तारेवाचून सुरूच होता येत नाही. शोभेचा प्रयोग म्हणून ठीक.

उन्हाळ्यापुरता मग पहिला रस्ता. पहाटे पाचला, घरातली सगळ्यात गार वेळ, फोन तासभर चार्जरवर. ऐंशीच्या आसपास काढायचा. दिवसभर पूर्ण बंद, माठाजवळच्या फडताळात. रात्री नऊला घड्याळाचं ॲप, स्वतःच्या बॅटरीवर, ब्राइटनेस आणखी खाली. हरभरा निघाला, आता ओलीत फक्त संत्र्याला, ते बहुतेक दिवसा.

१८ मे

मामाजी अंगणात झोपतात, घड्याळ खिडकीत. दुपारी नवऱ्याने हौसेने चार्जिंगला लावून पाहिला, फोनने बॅटरी गरम आहे म्हणून चार्जिंग थांबवलं. लिथियमची सेल पंचेचाळीस अंशांच्या वर भरायची नसते, फोन ते स्वतःच सांभाळतो. कूलरच्या तोंडाशी ठेवायची युक्ती शेजाऱ्याने सांगितली. ताट्यांमधून येणारी ओली हवा चार्जिंगच्या खाचेत शिरली तर पितळ हिरवं पडतं. तिथे नाही ठेवला.

सकाळी पाचला बॅटरी वीस टक्क्यांच्या आसपास उरलेली असते. पुरते.

१२ जून

पहिला गडगडाट. दामिनी ॲप माझ्या फोनवर आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते कळवतं. वीज कडाडली की घरातले सगळे चार्जर भिंतीतून काढायचे, फोन वायरीला लावलेला असताना हातात धरायचा नाही. रात्र थंड झाली आहे, घड्याळ पुन्हा पंपाच्या बॅटरीवर, कोनाड्यात. रात्री एक वाजता सगळे प्लग काढले तेव्हा घड्याळाला हात लावावा लागला नाही.

६ जुलै

पेरा निघाला, तणनाशकाला पंप हवा. बॅटरी पंपात परत गेली. नवऱ्याने मीटर लावला, पूर्ण भरल्यावर शांत असताना १२.७. मागच्या वर्षी याच सुमाराला नवीन घ्यावी लागली होती.

घड्याळ सध्या ॲपवर, स्वतःच्या बॅटरीवर. दुसरी बॅटरी घ्यायची की फवारणीवरून आल्यावर रोज संध्याकाळी हीच काढून लावायची यावर घरात मतं दोन आहेत. मी दुसरीच्या बाजूने आहे. औषधाचा पंप रोज रात्री माजघरात आणायचा नाही.

शेजारचे काका त्यांचा फोन घेऊन आले होते, "मलेबी असंच करून दे, बाई." ॲमोलेड पडदा, म्हणजे आकडे सरकणारंच ॲप लागेल, पण एक्स-रेची फिल्म लागणार नाही, त्याचा काळा रंग खरा काळा असतो. टेबलावर ठेवून टिचकी मारली. फोन गरकन फिरला. त्यांना परत दिला आणि आधी बॅटरी बदलून आणा म्हटलं. जुनी बॅटरी दुकानातच सोडा, उकिरड्यावर टाकू नका, हेही सांगितलं.